घोळीची जागा

मावशीच्या पोटातली गोष्ट बाहेर काढणं म्हणजे दगडातून पाणी काढण्यापैकी होतं. दवाखान्याच्या धुलाईखान्यात ती नवी लागली तेव्हा तिथल्या बायकांनी आपापल्या परीने प्रयत्न करून पाहिले आणि लवकरच नाद सोडला. तिचं नावसुद्धा कुणी वापरेना. शाळा सुटली की तिची भाची धुलाईखान्याच्या दाराशी येऊन "मावशी" म्हणून हाक मारायची, तेव्हा सगळ्यांनीच तिला मावशी करून टाकलं.

एकटी बडबडी तेवढी हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिला बडबडी का म्हणत हे सांगायला नको. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. आणि नशीब असं की चादरींच्या घड्या घालायला या दोघींचीच जोडी लागलेली. इस्त्रीच्या गरम रुळांतून चादर बाहेर आली की दोन टोकं हिने धरायची, दोन तिने, मागे सरून ताणायची, मग टोकाला टोक जुळवत एकमेकींकडे चालत यायचं. दर घडीला दोघींची तोंडं अगदी जवळ यायची आणि तेवढ्यात बडबडी एक प्रश्न टाकून घ्यायची.

"नवरा नाही का तुला?"

घडी.

"केलाच नाहीस, की सोडलास?"

घडी.

"बरं, नको सांगूस. मी काय तुझी सासू लागून गेलेय?"

मावशी हसायची, पण ताकास तूर लागू द्यायची नाही. हा स्वभाव तिला आईकडून आला होता, आणि या स्वभावानेच पुढे घात केला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. या गोष्टीत शेवटी काही चांगलं व्हायचं नाहीये, उगाच आशा लावून बसू नये.

मावशीची धाकटी बहीण छातीच्या दुखण्याने गेली. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून एकदा घरी आला तर आला. म्हणून मावशी आपलं गाव, आपलं काम सोडून त्यांच्या खोलीत येऊन राहिली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली, धाकटीच्या दुखण्यात दवाखान्याजवळ हवी म्हणून नुकतीच घेतलेली. खाली दिवसभर ठाकठूक चालायची आणि रबराचा वास जिन्याने वर यायचा. एक खिडकी, एक खाट, शेगडी, आणि भिंतीशी भाचीच्या पुस्तकांचा ढीग. भाची सात वर्षांची. बिट्टी म्हणायचे तिला, कारण अंगापिंडाने होतीच तेवढी.

धाकटीने जाताना एकच गोष्ट मागितली होती. "ताई, तिची शाळा सोडवू नकोस. डोकं आहे पोरीला."

आणि खरंच डोकं होतं. आमच्या घराण्यात असं डोकं आलं कुठून, असं मावशीला वाटायचं. पोरगी दिसेल ते वाचत सुटायची. काड्यापेटीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, खालच्या दुकानातल्या टायरांवरचं. रस्त्याने जाताना पाट्या वाचता वाचता खांबाला धडकायची. बापाने फेरीवरून आणलेलं गोष्टींचं पुस्तक तो जेवायला बसून उठेपर्यंत संपवायची आणि म्हणायची, "बाबा, पुढच्या वेळी जाड आणा ना." मावशी स्वतः जेमतेम चौथीपर्यंत शिकलेली. रात्री पोरगी मोठ्याने वाचायची आणि मावशी भांडी घासता घासता ऐकायची. बहिणीचं दुःख तिला त्या वेळी जरा कमी टोचायचं.

पण आई गेल्यापासून बिट्टीचं खाणं तुटलं होतं. चार घास खाल्ले की ताट सरकवायची. चेहरा पांढरा पडला, जिना चढताना धाप लागायला लागली. शाळेजवळच्या डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि सांगितलं, "रक्त कमी आहे. अंडी द्या, हिरव्या पालेभाज्या द्या. भरपूर द्या."

पालेभाज्या! मावशीला हसूच आलं. पाला कुणी कुणाला शिकवायचा? तिची आई रानातला पाला ओळखणारी बाई होती. बाजारात न मिळणारं, पैसे टाकून न येणारं असं कितीतरी तिला ठाऊक होतं आणि त्यातली थोडी ओळख तिने दोघी मुलींना दिली होती. त्यातही घोळ म्हणजे आईची लाडकी. उन्हातान्हात, जिथे दुसरं काही धड उगवत नाही तिथे ही आपली जमिनीला चिकटून सतरंजीसारखी पसरते. देठ गुळगुळीत, तांबूस, बोटात धरला तर रसाने भरलेला. पान जाडसर, छोट्या चमच्यासारखं. चव आंबट.

"पण नुसतं बघून भुलायचं नाही," आई सांगायची. "हिच्यासारखीच दिसणारी एक दुधी असते. तीही जमिनीवरच पसरते. देठ मोडून बघायचा. पाणी निघालं तर घोळ. दूध निघालं तर टाकून द्यायची आणि हात धुवायचे."

आईचे नियम आणखीही होते. रस्त्याकडेचं घ्यायचं नाही, धूळ बसते. गटाराखालचं नाही. कुत्री फिरतात तिथलं नाही. जिथे कुणाचा पाय लागत नाही तिथलंच घ्यायचं. आणि सगळ्यात मोठा नियम: पाला जगाला दाखवावा, जागा फक्त पोटच्या पोरीला दाखवावी. यात आईचा आप्पलपोटेपणा नव्हता. जागा एकदा फुटली की लोक गोणी घेऊन येतात आणि मुळासकट उपटून नेतात, हे तिने पाहिलं होतं. कुणी विचारलंच तर आई बेधडक भलतीकडे बोट दाखवायची. पाला गोळा करणाऱ्या बायका एकमेकींशी असंच वागायच्या आणि त्यात कुणाला काही वाईट वाटायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर मावशी पिशवी घेऊन निघाली. वस्तीला ती नवीन होती, गल्लीबोळ अजून पायाखालचे झाले नव्हते. रस्त्याकडेला घोळ होती, पण धुळीने माखलेली. गटाराशी होती, तिकडे तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही. शोधत शोधत ती वस्तीच्या टोकाला एका बंद पडलेल्या कारखान्यापर्यंत आली. पुढचं फाटक कुलूपबंद, गंजलेलं. मागची भिंत एका ठिकाणी ढासळलेली. त्या भगदाडातून तिने आत डोकावलं आणि तिचे डोळे लकाकले.

आत मोठं मोकळं मैदान होतं आणि मधूनमधून घोळ अशी माजली होती की बघत राहावं. जाड देठ, टपोरी पानं. कुठे पायवाट नाही. कचरा नाही, कुत्रं नाही, शेळीची लेंडी नाही. वस्तीच्या इतक्या जवळ एवढी मोकळी जागा, आणि पोरंसुद्धा तिथे चेंडू खेळायला येत नव्हती! तुम्हाआम्हाला इथे बसून आता शंका येते. तिला आली नाही. तिला वाटलं, आई वरून बघतेय. तिने एक देठ मोडला, बोटावर स्वच्छ पाणी आलं. दुसरा मोडला, तिसरा मोडला. मग पान चावून पाहिलं. आंबट. डोळ्यांत तेल घालून तिने एकेक जुडी निवडली आणि पिशवी भरून घरी आली.

त्या दिवशी तिने घोळ चिरून कांद्यावर परतली आणि वरून दोन अंडी फोडून घातली. बिट्टीने वास घेतला, घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं.

"आंबट आहे."

"आहेच मुळी. तुझ्या आईला फार आवडायची."

हे ऐकल्यावर पोरीने ताट चाटूनपुसून खाल्लं.

मग तो रिवाजच पडला. एक दिवसाआड मावशी कामावरून सुटली की दोघी भगदाडातून आत शिरायच्या. तिने बिट्टीला घोळ ओळखायला शिकवलं, दुधी ओळखायला शिकवलं, देठ मोडून बघायला शिकवलं. आणि अर्थात सगळ्यात मोठा नियमही शिकवला. आईने जसा कान धरून सांगितला होता तसाच कान धरून. पोरीला तर गुपित म्हटल्यावर गुदगुल्याच झाल्या. मावशी वाकून खुडत असायची तोवर बिट्टी तिथेच मातीत स्वयंपाक मांडायची. काळ्या जाड प्लॅस्टिकचे कप्प्याकप्प्यांचे फुटके तुकडे तिथे खूप पडलेले होते, त्यांची ताटं व्हायची. मातीचा भात, मातीची भाजी. खोटं खोटं खाताना बोटाला लागलेलं थोडं खरंही पोटात जात असेल. मावशी वर बघायची, पोरगी हसताना दिसायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

पहिल्या काही आठवड्यांत खरोखरच फरक दिसला. पोरगी जेवू लागली होती, गालांवर जरा रंग आला होता. डॉक्टरांनी विचारलं, "काय देताय?"

"घोळ देते. रानातली."

"वा! कुठे मिळते तुम्हाला?"

"बाजारात एक बाई आणते," मावशी म्हणाली. खोटं बोलतोय असं तिला वाटलंसुद्धा नाही. जागा विचारली की भलतीकडे बोट दाखवायचं, ही तर रीतच.

बडबडीलाही डब्यात भाजी दिसली. "कुठून आणलीस गं? माझ्या सासूला हवी असते."

"बाजारातून."

"कुठल्या बाजारात? मला तर कधी दिसली नाही."

घडी. मावशी चादरीचं टोक तिच्या हातात देऊन मागे सरली. पुढे बडबडीने अनेकदा विचारलं, कधी लाडीगोडीने, कधी रागाने. "एवढी काय सोन्याची खाण आहे?" असंही म्हणून झालं. मावशीने हसण्यावारी नेलं.

पावसाळी ढग आले, गेले, हवा गार व्हायला लागली. आणि बिट्टीचं काहीतरी बिनसलं. पोटात कळ यायला लागली. संध्याकाळी ती गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर पडायची. शौचाला होईना. रंग पुन्हा उतरला, पहिल्यापेक्षाही वाईट.

"मावशी, ही भाजी खाल्ली की माझं पोट दुखतं."

"न खाण्याची सोंगं आहेत. एवढं खा, मग गोष्ट वाचू."

पोरगी गुणी, खायची. मावशी आपल्या ताटातला वाटाही तिच्याकडे सरकवायची. "मला भूक नाही गं, तू घे." रक्त कमी झालंय तर पाला वाढवायला हवा, एवढं साधं गणित होतं. मावशी जिवाचं रान करत होती. कामावरून दमून आली तरी एक दिवसाआडचं तिने रोजचं केलं.

पण मनात पाल चुकचुकलीच. पोट दुखतंय म्हणजे कुठेतरी दुधी तर मिसळत नाही ना? आपले डोळे अधू झाले असतील, एखादा देठ बघायचा राहत असेल. या विचाराने तिची झोप उडाली. हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं: बाई डोळे मिटून चालली नव्हती. तिने पिशवीभर घोळ घेतली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सार्वजनिक बागेत गेली. तिथे रोपांची देखभाल करणारे एक साहेब होते. झाडांवर मनापासून प्रेम असलेला माणूस. त्यांनी सगळी पिशवी टेबलावर ओतली, भिंग घेतलं, एकेक काडी पाहिली, बिया पाहिल्या, देठ मोडून पाहिले.

"बाई, यात एकही पान भलतं नाही," ते म्हणाले. "शंभर टक्के घोळ. आणि किती छान निवडलीय! आमच्या माळ्यांना पाठवतो तुमच्याकडे शिकायला."

मावशीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पोरीला देते. पोट दुखतं तिचं."

"हिने दुखायचं कारण नाही. आंबटपणा असतो, उकळून पाणी टाकून द्या हवं तर." मग काडी बोटांत फिरवत त्यांनी विचारलं, "जागा चांगली आहे ना? कुठून आणता?"

"नदीकडून. पुलाच्या वरच्या अंगाला."

"अरे वा, तिकडचं पाणी स्वच्छ आहे. मग बिनघोर खाऊ घाला."

ती बिनघोर होऊन घरी आली. त्या संध्याकाळी तिने बिट्टीला जवळ घेतलं आणि सांगितलं, "बघ, मोठे साहेब म्हणाले, भाजी अगदी बरोबर आहे." आणि जास्तीची वाढली. भाजी अगदी बरोबरच होती.

पुढे शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. बिट्टी वर्गात डुलक्या काढते, म्हणाल्या. कालचा धडा आज आठवत नाही. मध्येच चिडते, वही फेकते. "आधी माझ्या वर्गात सगळ्यांत पुढे होती हो ही. घरी काही झालंय का?"

"आई गेली तिची," मावशी म्हणाली.

"ते मागच्या वर्षी. मी आताचं विचारतेय."

घरी आल्यावर मावशीने गोष्टींचं पुस्तक पुढे ठेवलं. बिट्टीने दोन ओळी वाचल्या आणि थांबली. अक्षराखाली बोट धरून ती बराच वेळ बघत राहिली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "मला कंटाळा आलाय." तिला कंटाळा आलेला नव्हता. ती घाबरली होती, आणि मावशीही घाबरली. दोघींनी एकमेकींना तसं सांगितलं नाही.

एका सकाळी पोरीला फीट आली. खालच्या सायकलवाल्याने तिला उचलून रिक्षात घातलं आणि मावशी तिला आपल्याच दवाखान्यात घेऊन गेली. ज्या चादरीवर तिला झोपवलं ती मावशीनेच घडी घातलेली असणार. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईगर्दीच्या नव्हत्या. त्यांनी बिट्टीचा ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या. हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ होती. त्यांनी ती पुन्हा पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं.

तपासणीचा कागद आल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या.

"हिच्या रक्तात शिसं आहे. खूप. घरात जुना रंग खरवडलाय का? खेळणी कसली? पाणी कुठलं?"

मावशी सगळ्याला नाही म्हणत गेली.

"खाण्यात वेगळं काही?"

"काही नाही. रक्त वाढावं म्हणून घोळ देते. ती तपासून घेतलीय मी, बागेतल्या साहेबांकडून."

"कुठून आणता?"

त्या क्षणीसुद्धा मावशीच्या जिभेवर 'नदीकडून' आलं. इतकी मुरलेली सवय. पण तिच्या आधी बिट्टी बोलली. तिची फीट उतरली होती, डोळे अर्धवट मिटलेले होते, आवाज खोल गेलेला.

"जागा सांगायची नसते," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. आणि शाबासकीसाठी मावशीकडे बघून हसली. अक्षरं विसरली, पाढे विसरली, पण हे विसरली नव्हती.

मावशीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "कारखान्याच्या मागे. बंद पडलाय तो. भिंत पडलीय तिथून आत."

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी सांगितलं. त्या कारखान्यात गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे आणि आतलं शिसं वितळवायचे. वर्षानुवर्षं. ते सगळं तिथल्या मातीत आहे, आणि मातीत जे असेल ते पाला ओढून घेतो.

"पोरगी तिथे मातीत खेळायची का?"

"हो."

"किती खायची ही भाजी?"

"मी सगळी खायचे," बिट्टी म्हणाली. "मावशीच्या वाटचीपण."

औषध सुरू झालं. रक्तातलं शिसं उतरेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू उतरेल. पोट दुखायचं थांबेल, फीटही बहुधा पुन्हा येणार नाही. मावशीने धीर करून विचारलं, "आणि डोकं? आधी फार छान वाचायची."

"काही परत येईल. सगळं नाही येणार." त्या खोटं बोलल्या नाहीत, याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. मावशीला मात्र वाटलं, थोडं खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी, पहिल्याच घडीला, कुणी न विचारता मावशी बोलली. बडबडीला वाटलं आपल्याला भास झाला.

"ती घोळ मी कारखान्यामागून आणायचे."

बडबडीच्या हातातून चादर सुटली. धुतलेली, इस्त्री झालेली चादर ओल्या फरशीवर पडली.

"कुठून? अगं, तिथे शेळीसुद्धा नेत नाही कुणी! आमच्या शेजाऱ्याच्या शेळ्या तिथे चरून मेल्या. तिथे कामाला होते त्यांचे हात बघ जाऊन, पेला धरता येत नाही त्यांना. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून तर तिथे कुणी पाय ठेवत नाही!" तिचा आवाज चढत गेला. "किती वेळा विचारलं मी तुला? किती वेळा गं? बाजारातून म्हणालीस. एकदा खरं बोलली असतीस, एकदाच, तर मी तिथल्या तिथे..."

आयुष्यात पहिल्यांदा बडबडीचे शब्द संपले. दोघींनी मिळून चादर उचलली आणि पुन्हा धुवायला टाकली.

मावशीला आईचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. आईचं काय चुकलं होतं? आई जिथे राहिली तिथे जमीन जमिनीसारखी होती. पाला ओळखला की काम झालं. आता माती ओळखायला लागते, आणि मातीचा देठ मोडून बघता येत नाही. हे मावशीला कोण सांगणार होतं? बडबडी सांगणार होती. डॉक्टर सांगणार होते, साहेब सांगणार होते. सगळे विचारत होते आणि हिने मूठ झाकून धरली होती.

बिट्टीचे बाबा, मावशीचे भावोजी, फेरीवरून आले. त्यांना फोनवर पोरगी आजारी आहे एवढंच कळलं होतं. त्यांनी या वेळी मुद्दाम जाड पुस्तक आणलं होतं. बिट्टी बापाच्या मांडीवर बसली आणि अक्षराखाली बोट धरून वाचू लागली. एक शब्द, थांबणं, दुसरा शब्द. पुढे अडली तेव्हा तिने चित्राकडे पाहिलं आणि मनानेच काहीतरी सांगून टाकलं. बापाने पानाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान." मग पाणी प्यायचं निमित्त करून तो उठला.

मावशीने त्यांना जिन्यात गाठलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. ते ओरडतील, हात उगारतील, हाकलून देतील, असं तिला वाटत होतं. मनातून तिला तेच हवं होतं.

भावोजी कठड्याला धरून उभे राहिले. खाली सायकलवाला चाकाची तार ताणून बघत होता.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या हातचं खातेय म्हणून मी निर्धास्त होतो हो."

एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना माल घेऊन निघायचं होतं. पोरीला ठेवायला दुसरीकडे कुणी नव्हतं. जाताना त्यांनी नेहमीचंच वाक्य म्हटलं, "सांभाळा तिला." आणि म्हणून झाल्यावर दोघांनीही मान खाली घातली.

शाळेने बिट्टीला दोन वर्ग खाली बसवलं. लहान लहान पोरांत ती आता सगळ्यांत उंच. बाई म्हणतात, ती शांत आहे, त्रास देत नाही. संध्याकाळी मावशी बाजारातून भाजी आणते. दुकानदाराला दहा प्रश्न विचारते, घरी येऊन पुन्हा पुन्हा धुते, इतकं की पानं लिबलिबीत होतात. तरी ताटात वाढताना तिचा डाव परत भांड्यात जातो.

"वाढ ना," बिट्टी म्हणते.

मावशी वाढते. बिट्टी जेवते, ताट चाटूनपुसून लख्ख करते आणि मावशीकडे बघून हसते. कुठून आणलीस, असं तिने एकदाही विचारलेलं नाही.